कंपनीचा वर्धापनदिन लोकोपयोगी कार्यक्रमाने साजरा करताना: खानदेशातील उद्योजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील लहान-मध्यम कारखाने, डाळ मिल, पाइप आणि चटईचे उद्योग, जिनिंग, सराफी पेढ्या यांच्या वर्धापनदिनाचे कार्यक्रम आखण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. दहावे, पंचविसावे किंवा पन्नासावे वर्ष आले की मालक मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

वर्धापनदिन म्हणून कोणती तारीख धरावी?

नोंदणी प्रमाणपत्रावरील तारीख, पहिले उत्पादन बाहेर पडले तो दिवस किंवा दुकानाची पूजा झाली तो मुहूर्त, यांपैकी कोणतीही तारीख चालते. मात्र एकदा ठरवल्यावर ती बदलू नये. तारखेच्या दिवशी कारखान्यात पूजा आणि पेढे एवढेच ठेवावे आणि लोकांसाठीचा कार्यक्रम सोयीच्या दिवशी घ्यावा, असे मी नेहमी सुचवतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि अशा उन्हात शाळकरी मुलांना मांडवात बसवणे चुकीचे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि कर्मचारी गावी गेलेले असतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची लोकदेवी कानबाई घरोघरी बसते, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीच्या विसर्जनाला कोणीही तुमच्या कार्यक्रमाला येणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत खेड्यातील माणूस सकाळी मोकळा नसतो. पोळा, गावाची यात्रा आणि आठवडे बाजाराचा वारही आधी तपासावा. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल, तर मंत्री किंवा लोकप्रतिनिधी यांच्यावर अवलंबून असलेला कार्यक्रम आखूच नये.

जाहिरातीवर थेट खर्च करण्यापेक्षा लोकोपयोगी कार्यक्रम का करावा?

आपल्या भागात याची परंपरा जुनी आहे आणि ती लोकांच्या आठवणीत आहे. अमळनेरला प्रताप शेठजींनी गिरणी काढली, ती आज चालत नाही. परंतु त्यांच्या आश्रयाने १९१६ साली उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही गावाची ओळख सांगतात. त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून जन्मलेली कंपनी पुढे विप्रो झाली, आणि त्या कारखान्याचे समभाग घेतलेल्या कुटुंबांच्या हकिगती तेथील माणूस अभिमानाने सांगतो. कंपनी आणि गाव यांचे नाते कसे टिकते, याची ही दोन जवळची उदाहरणे आहेत. पानभर जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, तर गावाच्या तलावातून निघालेला गाळ ज्याच्या शेतात पडला, तो शेतकरी कंपनीचे नाव बांधावर उभा राहून दहा जणांना सांगतो.

तरीही प्रसिद्धीची इच्छा लपवण्याचे कारण नाही. पंचवीस वर्षे धंदा सचोटीने चालवला हे लोकांना कळावे, असे वाटणे रास्तच आहे. फक्त क्रम सांभाळावा: प्रथम गरज ओळखावी, मग काम ठरवावे आणि बातमीचा विचार त्यानंतर करावा.

कोणता उपक्रम निवडावा, हे कसे ठरवायचे?

हा प्रश्न माझ्याकडे येतो तेव्हा त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते, म्हणजे "वह्यावाटप करू" किंवा "झाडे लावू". माझी विनंती अशी असते की आधी तीन ठिकाणी जाऊन विचारावे. पहिले ठिकाण म्हणजे कारखान्याचे फाटक: आपले कामगार कोणत्या गावांहून येतात आणि त्या गावांत कशाची अडचण आहे, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. दुसरे म्हणजे जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिसरे म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा.

एका डाळ मिलच्या मालकांना शाळेला संगणक द्यायचे होते. मुख्याध्यापक बाईंनी त्यांना शांतपणे शाळेच्या मागे नेले आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार दाखवले. त्याची कडी तुटलेली होती, आत नळ होता पण पाणी नव्हते, आणि दाराच्या आतल्या बाजूला मुलींनी ओढणी अडकवण्यासाठी एक खिळा ठोकलेला होता. कडी नसल्यामुळे एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेरून दार धरून ठेवायचे. संगणकाच्या खर्चाच्या जवळपास निम्म्या रकमेत टाकी, पंप, नवी दारे आणि वर्षभराच्या साफसफाईची सोय झाली. उद्घाटनाला फीत कापली नाही. मुलींनी स्वतः नळ सुरू केला. त्या कामाची बातमी वर्तमानपत्रात छोटी आली, परंतु पुढच्या वर्षी आजूबाजूच्या पाच गावांतील माणसे त्या मालकांना ओळखू लागली होती.

आपल्या धंद्याशी नाते असलेले काम सापडले, तर ते अधिक शोभते. पाइप बनवणाऱ्याने पाण्याचे काम घ्यावे आणि ठिबक विकणाऱ्याने रावेर-यावलच्या केळी उत्पादकांसाठी पाणी आणि खत यांच्या मोजमापाचे प्रात्यक्षिक ठेवावे. मात्र प्रात्यक्षिकाच्या जागी विक्रीचे टेबल मांडू नये. लोकांना फसवणूक लगेच कळते.

रक्तदान शिबिर घ्यायचे आहे. काय काळजी घ्यावी?

वर्धापनदिनासाठी हा सर्वांत चांगल्या उपक्रमांपैकी एक आहे, कारण गरज खरी आहे. उन्हाळ्यात महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात, शिबिरे थांबतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. साठवलेले संपूर्ण रक्त साधारण ३५ दिवस आणि प्लेटलेट्स ५ दिवसच वापरता येतात, त्यामुळे हिवाळ्यातील भरपूर रक्त मे महिन्यात कामी येत नाही. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, थॅलेसेमियाची मुले आहेत आणि त्यांना वारंवार रक्त लागते. म्हणून आपली तारीख उन्हाळ्यात येत असेल, तर थंड आणि हवेशीर सभागृहात सकाळच्या वेळी घेतलेले शिबिर फार मोलाचे ठरते.

परवानाधारक रक्तपेढीशी किमान एक महिना आधी बोलावे आणि त्यांना किती पिशव्या हव्या आहेत, हे त्यांनाच विचारावे. गरजेपेक्षा जास्त रक्त गोळा करून विक्रमाचे आकडे छापणे म्हणजे रक्त वाया घालवण्याचा धोका पत्करणे होय. रक्तदात्याचे वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ३ महिन्यांचे आणि स्त्रियांसाठी ४ महिन्यांचे अंतर लागते. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून अनेक स्त्रियांना परत जावे लागते. त्यांना नुसते "नाही" सांगून पाठवू नये. शेजारीच एका डॉक्टरांचे टेबल ठेवून तपासणी आणि आहाराचा सल्ला द्यावा.

कारखान्यात एक गोष्ट विशेष पाहावी लागते. रात्रपाळी करून आलेल्या, झोप न झालेल्या कामगाराने रक्त देऊ नये, आणि ज्याने रक्त दिले त्याला त्या दिवशी यंत्रावर, भट्टीजवळ किंवा उंचीवर काम देऊ नये. पाळीचे वेळापत्रक लावणाऱ्या सुपरवायझरला हे लेखी कळवावे. रक्तदानाच्या बदल्यात रोख रक्कम किंवा महागडी भेट देणे स्वेच्छा रक्तदानाच्या तत्त्वात बसत नाही. चहा, बिस्किटे, केळी आणि प्रमाणपत्र पुरेसे आहे, आणि केळी आपल्या जिल्ह्यात मागवावी लागत नाहीत.

वृक्षारोपण करावे का?

तीन उन्हाळे पाणी घालण्याची तयारी असेल तर जरूर करावे, नसेल तर करू नये. मे महिन्यात खड्डे खोदून उन्हात तापू द्यावेत, शेणखत आणि माती भरून ठेवावी आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. कडुनिंब, करंज, बहावा, वड, पिंपळ ही झाडे आपल्या उष्म्यात तग धरतात. सातपुड्याच्या बाजूला आणि कोरड्या माळावर अंजन आणि पळस शोभतात. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेतून रोपे मिळू शकतात. विजेच्या तारांखाली आणि जलवाहिनीवर खड्डे घेऊ नयेत.

मी सुरुवातीच्या काळात एका कंपनीसाठी ५०० रोपांचा कार्यक्रम आखला होता. लावणीचे छायाचित्र उत्तम आले. पाण्याचा टँकर कोणी पाठवायचा, हे माझ्या कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते, आणि होळीपर्यंत त्या माळावर वाळलेल्या काड्या आणि कंपनीच्या नावाचे पत्रे उरले. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी टँकरचा करार हातात आल्याशिवाय रोपांची ऑर्डर देत नाही, आणि ५०० ऐवजी ५० झाडे सुचवतो.

गावतलावातील गाळ काढण्याचे काम कंपनीला घेता येते का?

घेता येते. राज्य शासनाची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना २०१७ पासून माहीत झालेली आहे. अशा कामासाठी ग्रामपंचायतीचा ठराव आणि संबंधित जलसंधारण किंवा पाटबंधारे कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. सर्वसाधारण पद्धत अशी ठेवता येते की जेसीबी किंवा पोकलेनचा खर्च कंपनीने करावा आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यांनी करावा. शेतकऱ्याचा स्वतःचा पैसा लागला की तो चांगला गाळच नेतो आणि शेतात नीट पसरतो.

रब्बीचा माल निघाल्यानंतर आणि पेरणीच्या आधी एवढाच काळ हाती असतो. आपल्याकडे बागायतदार मे अखेरीस पूर्वहंगामी कापूस लावतात, म्हणून त्यांची शेते त्याआधी मोकळी असतानाच गाळ पडला पाहिजे; मृगाची वाट पाहत बसू नये. गाळ संपून मुरूम किंवा वाळू लागली की खोदकाम थांबवावे, कारण त्याच्या खाली जाणे नियमातही बसत नाही आणि तलावाचा तळ फुटून पाणी झिरपण्याची भीती असते. अल्पभूधारकांची नावे यादीत आधी घ्यावीत, नाहीतर ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याच्याच शेतात सगळा गाळ जातो. वर्धापनदिनाचा समारंभ करायचाच असेल, तर पहिल्या पावसानंतर तलाव भरल्यावर जलपूजनाच्या निमित्ताने करावा. त्या वेळी गाव आपणहून जमते.

हा खर्च सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या कायदेशीर सामाजिक उत्तरदायित्वात) दाखवता येतो का?

बहुतेक लहान कंपन्यांना हा प्रश्न लागूच नसतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा अधिक, उलाढाल १,००० कोटी किंवा अधिक अथवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा अधिक असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते.

ज्यांना हे लागू आहे, त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा, जाहिरात यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जात नाहीत, असे केंद्र सरकारने २०१४ सालीच स्पष्ट केले आहे. तसेच आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व आणि फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे उपक्रमही त्यात बसत नाहीत. म्हणून तलावाचे काम सीएसआरचे आणि समारंभाचा मांडव, जेवण, जाहिरात हा प्रसिद्धीचा खर्च, अशी हिशेबात पहिल्या दिवसापासून वेगळी खाती ठेवावीत. फुकट वाटलेल्या वस्तूंवरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, आणि २,००० रुपयांहून अधिकची देणगी रोख दिल्यास आयकरात तिची वजावट मिळत नाही. उरलेले आपल्या सीएंना विचारावे.

आमची कंपनी लहान आहे. खर्च किती करावा?

नफ्याला आणि पगाराला धक्का लागेल इतका खर्च करू नये. दिवाळीचा बोनस थकलेला असताना चौकात फलक लावणाऱ्या मालकाबद्दल कामगार काय बोलतात, ते मी चहाच्या टपरीवर ऐकलेले आहे. जी रक्कम ठरेल, तिच्यातील निम्म्याहून अधिक रक्कम प्रत्यक्ष कामावर जावी आणि एक हिस्सा पुढील वर्षभराच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावा. मांडव, हार आणि फलक उरलेल्या पैशांतून व्हावेत.

कार्यक्रमात कामगारांचे स्थान काय असावे?

पहिल्या रांगेत. पंचवीस वर्षांचा वर्धापनदिन हा त्यांच्याही पंचवीस वर्षांचा असतो. सर्वांत जुन्या कामगाराच्या हस्ते उद्घाटन करावे, त्याच्या घरच्यांना सन्मानाने बोलवावे आणि त्याचे नाव पत्रिकेत पूर्ण छापावे. एका कारखान्यात बावीस वर्षे हमाली केलेल्या काकांनी दीप लावला, तेव्हा त्यांनी काडी पेटवण्याआधी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि खांद्यावरच्या उपरण्याने हात पुसले. सभागृहात कोणी काही बोलले नाही, पण मालकांचा मुलगा उठून उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग सगळे उठले.

आठवडी सुट्टीच्या दिवशी कामगारांना कार्यक्रमासाठी बोलवायचे असेल, तर बदली सुट्टी द्यावी. श्रमदानाला यायचे की नाही, हे त्यांच्या इच्छेवर सोडावे आणि हजेरी घेऊ नये.

वस्तू वाटताना छायाचित्रे काढावीत का?

कामाची काढावीत, घेणाऱ्याच्या अडचणीची काढू नयेत. मुलाला व्यासपीठावर बोलवून दप्तराचे एक टोक पाहुण्यांच्या हातात आणि दुसरे त्याच्या हातात, अशी छायाचित्रे मला पाहवत नाहीत. ते मूल दुसऱ्या दिवशी वर्गात बसणार असते. मदत शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या स्वाधीन करावी आणि त्यांनी ती नेहमीच्या पद्धतीने द्यावी. मुलांची छायाचित्रे पालकांच्या आणि शाळेच्या संमतीनेच घ्यावीत. एका कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांची गाडी दोन तास उशिरा आली आणि तोवर पत्र्याच्या शेडखाली बसलेली एक मुलगी चक्कर येऊन पडली. त्यानंतर मी आयोजकांशी एक अट घालतो: ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत, पाहुणे आलेले असोत वा नसोत, कार्यक्रम सुरू होईल.

पाहुणे कोण असावेत?

दोनच असावेत आणि त्यांतील एक त्या कामाचा जाणकार असावा. पाणी आणि जंगलाच्या कामासाठी साक्री तालुक्यातील बारीपाड्यासारख्या गावाकडे पाहावे, जिथे चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने जंगल राखले आणि ज्या कामासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. अशा गावांतील अनुभवी माणसाने वीस मिनिटे बोललेले लोक लक्ष देऊन ऐकतात.

कोणत्या परवानग्या लागतात?

मैदान किंवा रस्ता वापरायचा असल्यास महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीची आणि पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावी. ध्वनिक्षेपकासाठी वेगळी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्यापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जातो. फलकांसाठी पालिकेची लेखी परवानगी घ्यावी आणि मुदत संपताच ते स्वतः उतरवावेत. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा कापडी फलकच करावेत. नंतर त्यांच्या पिशव्या शिवता येतात.

जेवण काय ठेवावे?

हिवाळ्यात कार्यक्रम असेल तर भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी याहून चांगला बेत नाही. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, आगीवर भाजलेली आणि लाकडी मुसळाने ठेचलेली वांगी, वर कांद्याची पात आणि हिरवी मिरची, या पंगतीत मालक आणि कामगार शेजारी बसतात. काम गावातील महिला बचत गटाला द्यावे आणि त्यांचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. उन्हाळ्यात दुधाच्या मिठाया टाळाव्यात.

वर्तमानपत्रांना बातमी कशी द्यावी?

दोनशे ते अडीचशे शब्दांची, दुपारी चारच्या आत आणि एकाच चांगल्या छायाचित्रासह द्यावी. पहिल्या परिच्छेदात काय काम झाले, कोठे झाले आणि त्याचा उपयोग किती लोकांना होणार आहे, हे यावे. कंपनीचा इतिहास शेवटी दोन ओळींत पुरतो. छायाचित्राखाली डावीकडून नावे लिहावीत आणि प्रत्येक नाव त्या व्यक्तीला विचारून तपासावे. मी एकदा सरपंच ताईंचे आडनाव चुकवले होते आणि वर्षभर त्या गावात मला मान खाली घालून जावे लागले. आकडे फुगवू नयेत. स्थानिक वार्ताहराला काम सुरू असतानाच एकदा जागेवर नेऊन आणावे, म्हणजे तो स्वतः पाहिलेले लिहितो.

भाषा कोणती वापरावी?

पत्रिका आणि बातमी प्रमाण मराठीत असावी. निवेदन मात्र ऐकणाऱ्यांच्या बोलीत असावे: धुळे-अमळनेरकडे अहिराणी, रावेर-यावलच्या पट्ट्यात लेवा गणबोली, सातपुड्याच्या पाड्यांवर भिली किंवा पावरी. आरोग्य शिबिरात तर हे अत्यावश्यक आहे, कारण औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे, हे आजीबाईंना त्यांच्या बोलीत समजले पाहिजे. बोली येणारा कामगार आपल्याच कारखान्यात असतो; त्याला माइक द्यावा.

कार्यक्रम झाल्यावर पुढे काय करावे?

तीन महिन्यांनी, पाहुणे आणि कॅमेरा न घेता, एकदा जागेवर जाऊन यावे. टाकीत पाणी आहे का, झाडांना आळे केले आहे का, रक्तदात्यांना त्यांची कार्डे मिळाली का, हे स्वतः पाहावे. जे बिघडले असेल ते दुरुस्त करून द्यावे आणि त्यासाठी जबाबदार व्यक्तीचे नाव व फोन क्रमांक शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावून ठेवावा. पुढील वर्षी नवे काम शोधण्याआधी हेच काम पुढे नेता येईल का, हे त्या गावातील लोकांना विचारावे.